वाशिमच्या घरांतली धूळ आणि कीडनाशकांचे अवशेष

घरातल्या धुळीत मातीचे बारीक कण असतात, कपड्यांचे आणि कापसाचे तंतू असतात, त्वचेचा गळलेला कोंडा, केस, चुलीची राख, धान्याचा भुसा, मेलेल्या किड्यांचे तुकडे आणि भिंतीचा सुटलेला चुनाही असतो. या मिश्रणात तेलकट आणि सेंद्रिय अंश भरपूर असतो, आणि अनेक औद्योगिक रसायने नेमकी अशाच अंशाला धरून बसतात. ती चटकन उडून जात नाहीत, पूर्णपणे एका जागी स्थिरही राहत नाहीत. ऊन तापले की थोडी हवेत जातात, गारवा आला की भिंतीवर, भांड्यांवर, अंथरुणावर आणि जमिनीवरच्या धुळीवर पुन्हा उतरतात. धूळ त्यांना टीपकागदासारखी टिपून घेते. त्यामुळे एखाद्या घरात गेल्या काही महिन्यांत, कधी कधी काही वर्षांत, कोणती रसायने आली याची नोंद त्या घराच्या कोपऱ्यांत साठलेली असते.

अमेरिकेत केप कॉड भागातल्या १२० घरांची हवा आणि धूळ तपासणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८९ रसायनांचा शोध घेतला गेला आणि त्यांपैकी ६६ धुळीत सापडली. पुढे २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा ४५ रसायनांची यादी तयार झाली. त्यांतली दहा रसायने तपासलेल्या नमुन्यांपैकी नव्वद टक्क्यांमध्ये होती. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स, फोम आणि विजेच्या उपकरणांत घातली जाणारी ज्वालारोधके, कृत्रिम सुगंध आणि डाग न पडू देणारी फ्लोरिनयुक्त रसायने ही त्या यादीतली मुख्य नावे.

ही यादी उचलून वाशिम जिल्ह्याला लावता येत नाही. ती ज्या घरांतून आली तिथे जमिनीवर गालिचा असतो, बैठकीत फोमचे सोफे असतात आणि वर्षातले कित्येक महिने खिडक्या बंद असतात. वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि तीत ग्रामीण लोकसंख्येचा वाटा सुमारे ८२ टक्के होता. खरिपात इथे सोयाबीन, त्यात तुरीचे तास आणि काही भागांत कपाशी. रासायनिक उद्योगाचा जिल्हा म्हणून वाशिमचे नाव कोणी घेत नाही. तरीही रासायनिक उद्योगाचा माल इथल्या जवळपास प्रत्येक गावात पोहोचतो. गुजरातेतल्या वापी-अंकलेश्वर पट्ट्यात किंवा कोकणातल्या कारखान्यांत तयार झालेली कीडनाशके कृषी सेवा केंद्रातून बाटलीत, पुड्यात, डब्यात बांधून वावरात जातात आणि वावरातून घरात येतात.

कीडनाशकाला सरकारी भाषेत निविष्ठा म्हणतात आणि बियाणे, खत यांच्या रांगेत बसवतात. या वर्गीकरणामुळे एक मोठी गफलत होते. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेले रसायन शेजारच्या वस्तीत पोहोचले तर त्याला प्रदूषण समजले जाते. तेच रसायन बाटलीत बसून आले आणि माणसाच्या पँटला लागून घरात शिरले, तर तो शेतीचा विषय होतो, फार तर शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाचा. वाशिमसारख्या जिल्ह्यात घरातल्या धुळीचा प्रश्न म्हणजे मुख्यतः कीडनाशकांच्या अवशेषांचा प्रश्न आहे आणि तो औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न म्हणूनच हाताळला पाहिजे.

अवशेष घरात येण्याचा पहिला मार्ग फवारणी करणाऱ्याच्या अंगावरून जातो. पाठीवरच्या पंपाची गळती पाठ आणि कंबर भिजवते. वाऱ्याने उलटलेले तुषार छातीवर आणि चेहऱ्यावर बसतात, ओल्या पिकातून चालताना पायजमा गुडघ्यापर्यंत चिंब होतो. संध्याकाळी तोच माणूस त्याच कपड्यांनी घरी येतो, ओसरीत टेकतो, चहा घेतो, लेकरू मांडीवर येऊन बसते. पंप ओसरीत नाहीतर गोठ्यात ठेवला जातो. कपडे न्हाणीपाशी पडतात आणि सकाळी घरातल्या इतर धुण्यात मिसळतात. ते धुणारे हात बहुतेक वेळा बाईचे असतात, आणि फवारणीपासून होणाऱ्या बाधेचा हिशोब मांडताना हे हात क्वचितच मोजले जातात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांत काम करणाऱ्या कुटुंबांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातली धूळ, वाहनातली धूळ आणि लहान मुलांची लघवी या तिन्हींत एकाच कीडनाशकाचा माग लागला होता. तिथे वाहन म्हणजे मोटारगाडी होती. इथे मोटारसायकलचे सीट आणि हँडलला टांगलेली थैली असेल, पण वाट तीच आहे.

या मार्गाची एक सामाजिक बाजू आहे. स्वतःचे वावर असलेला शेतकरी हंगामात काही वेळा फवारतो. रोजाने फवारणारा मजूर जुलै ते ऑक्टोबर आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या वावरात फवारत असतो. बाटली त्याच्या घरात नसते, पीकही नसते, तरी अवशेषांचा वाटा सगळ्यांत मोठा त्याच्याच घरी जाण्याची शक्यता असते. शिवाय त्याचे घर लहान. एका खोलीत चूल, अंथरूण आणि ओले कपडे. ‘शेतकऱ्याने काळजी घ्यावी’ हा सल्ला या घरापर्यंत पोहोचत नाही, कारण कोणते औषध फवारायचे, हातमोजे आणायचे की नाही, काम संपल्यावर हात-पाय धुवायला पाणी ठेवायचे की नाही, यातला कोणताच निर्णय मजुराच्या हातात नसतो.

दुसरा मार्ग साठवणीचा. वावरात कुलूपबंद खोली क्वचितच असते आणि औषध महाग असते, म्हणून उरलेली बाटली घरीच येते. ती माळ्यावर, देवळीत, पलंगाखाली, धान्याच्या पोत्यांमागे ठेवली जाते. बूच सैल झाले, पुडा फाटला, भुकटी सांडली की ती त्या कोपऱ्यातल्या धुळीचा भाग होते. रिकामी झालेली बाटली किंवा डबाही पुष्कळदा फेकला जात नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली, ती मोनोक्रोटोफॉस या कीडनाशकाच्या डब्यात ठेवलेल्या तेलामुळे. वाशिम त्या गावापासून शेकडो कोस दूर असला, तरी रिकाम्या डब्याचा मोह दोन्हीकडे सारखाच आहे.

तिसऱ्या मार्गाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, तो बियाण्याचा आणि पिकाचा. सरकी आणि सोयाबीनचे बियाणे बुरशीनाशक-कीटकनाशक लावलेले असते, गुलाबी-लाल रंगाचे. पेरणीपूर्वी सोयाबीनला घरीच औषध चोळायचे असेल तर ते ओसरीत ताडपत्रीवर चोळले जाते. सरकी टोबणारी बाई दिवसभर ते दाणे बोटांत धरते आणि तो रंग नखांत घेऊन घरी येते. पीक निघाल्यावर हडंब्यातून सोयाबीनची मळणी होताना उडणारा धुरळा कपड्यांवर आणि घरांवर बसतो, कुटार गोठ्यात किंवा घराच्या आडोशाला रचले जाते, पऱ्हाटी चुलीसाठी अंगणात येते. कापूस तर कित्येकदा थेट माणसांच्या खोलीत ठेवला जातो. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. पुढच्या हंगामात भाव उतरले, तेव्हा विदर्भातल्या असंख्य कुटुंबांनी भाव वाढतील या आशेने कापूस महिनोन्‌महिने घरात भरून ठेवला आणि अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या. त्या खाजेचे कारण प्रामुख्याने कापसातले बारीक किडे सांगितले गेले. पण छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या कडेला अंथरूण टाकून झोपणारे कुटुंब नुसते किड्यांच्या शेजारी झोपत नाही. बोंड फुटेपर्यंत कित्येकदा फवारलेल्या पिकाचा तंतू, पालापाचोळा आणि धूळ सगळे त्याच खोलीत असते. बाजारभाव पडल्याने घरातली हवा बिघडते, हा संबंध कृषी खात्याच्या किंवा आरोग्य खात्याच्या कागदावर सापडणार नाही.

शेताशी संबंध नसलेली कीडनाशकेही घरात आहेतच. हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या भिंती डीडीटीने फवारल्या गेल्या. डास भिंतीवर बसावा आणि मरावा म्हणून औषध भिंतीवर टिकणे हाच त्या फवारणीचा हेतू होता. हिवतापाने माणसे मरत होती आणि त्या काळी हा निर्णय योग्य होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. शेतीतला डीडीटीचा वापर भारताने १९८९ मध्ये थांबवला. आरोग्य कार्यक्रमात तो पुढेही मर्यादित राहिला. मुंग्यांसाठी उंबऱ्यावर टाकली जाणारी बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली. वाळवीसाठी पायात आणि चौकटींना क्लोरपायरीफॉस घालण्याची पद्धत मात्र रुजली. त्यावर डासांची अगरबत्ती, विजेवर तापणारी बाटली, झुरळांसाठीचा खडू. यांतली बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली आहेत आणि उन्हात लवकर नष्ट होतात, पण घरात ऊन पोहोचत नाही.

उरलेल्या औद्योगिक रसायनांचा उल्लेख थोडक्यात पुरे. वाशिम, कारंजा, रिसोड यांसारख्या शहरांतल्या नव्या घरांत पीव्हीसीची दारे, रेक्झिनची आसने, फोमच्या गाद्या आणि जुने टीव्ही आहेत, म्हणजे थॅलेट्स आणि ज्वालारोधके आहेत. त्यांतल्या काही ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकांवर भारताने मार्च २०१८ च्या नियमांनी बंदी घातली, पण त्यापूर्वी घडवलेली वस्तू झिजत राहते तोवर तिचा चुरा धुळीत पडत राहतो. शिशाचे तसेच आहे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, मात्र जुन्या दार-खिडक्यांवरचे रंगाचे थर त्याआधीचे आहेत. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साईड आहे, आणि देवघराच्या पाटावरून तो लेकराच्या बोटाला लागायला वेळ लागत नाही.

वावरात पडलेले कीडनाशक आणि घरात आलेले कीडनाशक यांचे आयुष्य वेगळे असते. बहुतेक ऑरगॅनोफॉस्फरस कीडनाशके उघड्या रानात काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकामी होतात, कारण तिथे ऊन आहे, पाऊस आहे आणि मातीतले जिवाणू आहेत. बंद खोलीत हे तिन्ही नाहीत. याचा पुरावा योगायोगाने अमेरिकेतून मिळाला. १९९० च्या दशकात ओहायो, मिसिसिपी आणि इतर काही राज्यांत परवाना नसलेल्या फवारणीवाल्यांनी शेकडो घरांत झुरळांसाठी मिथाइल पॅराथिऑन फवारले. हे कपाशीवरचे शेतीतले औषध होते, घरात वापरायला तिथे मनाई होती. रानात थोड्या दिवसांत विरणारे हे औषध भिंतींत आणि फरशीत महिनोन्‌महिने टिकले, त्यापुढेही सापडत राहिले. सरकारला कुटुंबे दुसरीकडे हलवावी लागली, भिंतीचे पत्रे आणि गालिचे काढून टाकावे लागले. मिथाइल पॅराथिऑनची दोन टक्के भुकटी विदर्भातल्या शेतकऱ्यांना अनोळखी नाही. वर्षानुवर्षे ती धुरळणीसाठी विकली गेली. भारताने तिच्यावर ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने बंदी घातली. त्याच आदेशाने फोरेट, म्हणजे गावात थायमेट नावाने ओळखले जाणारे दाणेदार औषध, आणि घराघरांत ढेकूण-झुरळांसाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस हीदेखील ३१ डिसेंबर २०२० पासून बंद ठरवली. मिसिसिपीतल्या घरांत जे घडले त्यावर उपाय म्हणून भिंती उखडल्या गेल्या. इथे बंदी आली तरी बंदीपूर्वीच्या घरांकडे पाहण्याची जबाबदारी कोणाकडे दिलेली नाही.

धूळ शरीरात तीन वाटांनी जाते: श्वासातून, त्वचेतून आणि तोंडातून. यांत सगळ्यांत कमी विचार होतो तो तोंडाच्या वाटेचा, आणि लहान मुलांच्या बाबतीत तीच सगळ्यांत मोठी असते. रांगणारे मूल दिवसातून असंख्य वेळा हात तोंडात घालते. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार लहान मूल दिवसाला साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम माती-धूळ गिळते, प्रौढ माणूस घरातली सुमारे ३० मिलिग्रॅम. समजा, एका ग्रॅम धुळीत एखादे रसायन दहा मायक्रोग्रॅम आहे. दहा किलो वजनाच्या मुलाने १०० मिलिग्रॅम धूळ गिळली तर त्याच्या पोटात एक मायक्रोग्रॅम जाईल, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाने ३० मिलिग्रॅम गिळली तर किलोमागे ०.००५ मायक्रोग्रॅम. एकाच घरात, एकाच धुळीतून, मुलाचा वाटा बापापेक्षा वीस पट होतो. हा आकडा मोजमापाचा नाही, उदाहरणाचा आहे, पण त्यातले प्रमाण खरे आहे. अमेरिकेतली जमीन गालिच्याची आहे आणि इथली शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची, त्यामुळे वाशिमचा आकडा काहीसा वेगळा निघेल. पण इथे मूल जमिनीवरच खेळते, जमिनीवरच जेवते आणि जमिनीवरच झोपते, तेव्हा तो कमी निघेल असे मानायला आधार नाही.

ऑरगॅनोफॉस्फरस कीडनाशके मज्जासंस्थेतल्या अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज या विकराला अडवतात. मोठ्या मात्रेत लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, श्वास अडकतो आणि माणूस मरतो. घरातल्या धुळीतून जाणारी मात्रा त्या पातळीला जात नाही. तिचा परिणाम मंद, दीर्घकाळचा आणि वाढत्या मेंदूवर असतो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात ज्या आयांच्या लघवीत या गटाचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या सात वर्षांच्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी सर्वांत कमी अवशेष असलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे सात गुणांनी खाली होती. न्यूयॉर्कमधल्या मुलांवरचा अभ्यासही त्याच वर्षीचा, आणि तिथे शेतीचा संबंध नव्हता. इमारतींत झुरळांसाठी फवारलेले क्लोरपायरीफॉस नाळेच्या रक्तात सापडले आणि जास्त प्रमाण असलेल्या मुलांची कार्यस्मृती कमी भरली. अमेरिकेने त्याचा घरगुती वापर २००० नंतर बंद केला होता. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या देशांनी त्याला दीर्घस्थायी प्रदूषकांच्या यादीत घातले, काही वापरांना सूट देऊन. भारत या कराराचा सदस्य २००६ पासून आहे.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येतो. विदर्भातला माणूस वावरात फवारताना मरतो, तिथे घरातल्या धुळीची चिंता ही चैन नाही का? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी, गुलाबी बोंडअळीचा कहर, बॅटरीचे जोरकस पंप आणि दोन-तीन औषधांची मिश्रणे ही कारणे तेव्हा पुढे आली. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीडनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली, ती यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत. आक्षेपाचे उत्तर याच घटनेत आहे. जे रुग्णालयात पोहोचले ते मोजले गेले, कारण विषबाधेची नोंद रुग्णालयात होते. जो माणूस रुग्णालयात गेला नाही, पण चार महिने रोज तेच कपडे घालून घरी येत राहिला, त्याच्या घरातले मूल कोणत्याही यादीत आले नाही. तीव्र विषबाधा आणि मंद संपर्क हे दोन वेगळे रोग नाहीत. एकाच बाटलीचे ते दोन परिणाम आहेत. पहिला दिसतो म्हणून साठ दिवसांची बंदी येते, दुसऱ्यासाठी एकही दिवस नाही.

दुसरा आक्षेप खेड्यातल्या मोकळ्या घरांचा. दारे-खिडक्या उघडी असतात, हवा खेळती असते, तेव्हा अवशेष साठणार कसे? हे अर्धे खरे आहे. ओसरी आणि अंगण मोकळे असते, सडा घातल्याने धूळ बसते, सारवण तिला धरून ठेवते. पण धान्याची आणि कापसाची खोली अंधारी आणि बंद असते, फवारणीचा हंगाम पावसाचा असल्याने तेव्हा दारेही लोटलेली असतात, आणि कोरड्या केरसुणीने झाडताना सगळ्यांत बारीक कण, ज्यांवर रसायन वजनाच्या मानाने जास्त असते, तेच हवेत उडून पुन्हा खाली बसतात.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण या नियमांतून येतो. औषध हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रशिक्षण आणि रिकाम्या वेष्टनांची वस्तीपासून दूर विल्हेवाट हे सगळे नियमांत लिहिलेले आहे. नियम वाईट नाहीत. पण ते औषध हाताळणाऱ्या माणसापाशी थांबतात. तो माणूस घरी जातो, हे त्यांत गृहीत धरलेले नाही. अन्नाच्या बाबतीत टोमॅटोत कोणते अवशेष किती चालतील याची मर्यादा ठरलेली आहे. तो टोमॅटो ज्या घरात चिरला जातो तिथल्या जमिनीवरच्या धुळीला मर्यादा नाही. शिशापुरती अशी मर्यादा अमेरिकेने कायद्यात आणली आहे, म्हणजे धुळीला प्रमाण लावता येते हे सिद्ध झालेले आहे.

इथे बहुतेक आरोग्यपत्रके उपदेशाकडे वळतात: ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, कपडे वेगळे धुवा, बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हे सल्ले चुकीचे नाहीत आणि ज्या घराला जमेल त्याने ते जरूर पाळावेत. फवारणीचे कपडे घराबाहेर उतरवणे आणि वेगळे धुणे यांनी अवशेष निश्चित कमी होतात. पण सगळा भार या सल्ल्यांवर टाकणे पुराव्याला धरून नाही. मुलांच्या रक्तातले शिसे कमी करण्यासाठी घरोघरी केलेले प्रबोधन आणि धूळ साफ करण्याचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणात एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांनी रक्तातले शिसे म्हणण्यासारखे घटत नाही असा निष्कर्ष निघाला. मुलांच्या रक्तातले शिसे जगभर घटले ते पेट्रोलमधून शिसे काढल्यावर, आणि भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून निघाले. श्रीलंकेत १८० गावांत कीडनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या वाटून काय फरक पडतो ते तपासले गेले. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार विष पिण्याच्या घटना पेट्यांमुळे घटल्या नाहीत. त्याच देशात अतिविषारी औषधांवर बंदी घातल्यावर आत्महत्यांतले मृत्यू मोठ्या प्रमाणात खाली आले होते. घरातल्या बाईने अधिक झाडावे, अधिक धुवावे, अधिक लपवावे यापेक्षा बाजारातून कोणते औषध काढावे हा निर्णय अधिक माणसे वाचवतो, हे या दोन उदाहरणांतून पुरेसे स्पष्ट होते.

त्यामुळे उपायांचा क्रम बदलावा लागेल. सर्वांत आधी, घरात दीर्घकाळ टिकणारी आणि मेंदूला धोकादायक असलेली औषधे, विशेषतः वाळवीसाठी घरातच घातले जाणारे क्लोरपायरीफॉस, घरगुती वापरातून काढली पाहिजेत. त्यानंतर फवारणीच्या कामाची जागा. गावाच्या शिवारात पंप, कपडे आणि अंग धुण्यासाठी पाण्याची सोय असलेली जागा आणि कुलपाची सामाईक कोठी उभी करणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे. मजूर लावणाऱ्याने संरक्षक कपडे आणि हातमोजे द्यावेत ही अट नियमांत आहेच, ती वावरात तपासली गेली पाहिजे. रिकाम्या बाटल्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर हवी, कारण बाटली घरात राहण्याचे मूळ कारण ती टाकायला दुसरी जागा नसणे हे आहे.

आणि मोजमाप. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जनवैद्यकशास्त्र विभागाला गावात जाऊन करायचे अभ्यास लागतातच. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि नागपुरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. यांनी मिळून काही गावे निवडावीत. प्रत्येक गावात शेतकरी, फवारणी करणारा मजूर, शेतीशी संबंध नसलेला दुकानदार अशी वेगवेगळी घरे घ्यावीत आणि प्रत्येक घरातली थोडी धूळ वर्षातून तीनदा गोळा करावी: पेरणीपूर्वी मे महिन्यात, फवारणीच्या भरात सप्टेंबरमध्ये आणि सोयाबीन-कापूस घरी आल्यावर डिसेंबरमध्ये. धुळीतले अवशेषांचे प्रमाण सप्टेंबरमध्ये चढून मेपर्यंत उतरत असेल तर मुख्य वाट कपड्यांची आणि पंपाची आहे, आणि पैसा धुण्याच्या जागेवर खर्च करावा. डिसेंबरमध्ये चढत असेल तर दोष घरात ठेवलेल्या पिकाचा आहे, आणि कापसासाठी गावात वेगळे गोदाम हवे. बाराही महिने सारखेच राहत असेल तर स्रोत घरातच आहे, साठ्यात, भिंतीत किंवा वाळवीच्या औषधात, आणि मग कृषी खात्याइतकीच जबाबदारी आरोग्य खात्याचीही होते.